सहाव्या मजल्याचं दार

४ मार्च
दाब १५०/९४.
डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज सकाळी दाब मोजायचा, लिहायचा, आणि "दिवसात काही विशेष झालं तर दोन ओळी खरडा, म्हणजे कशाने वाढतो ते कळेल." अडुसष्टाव्या वर्षी विशेष काय होणार? गुडघे दुखले. ही म्हणाली, रिकामं बसून दाब वाढतो तुमचा. मी म्हटलं, बसून नाही, ऐकून वाढतो. तिने उठून रेडिओ बंद केला. मी रेडिओबद्दल बोलत नव्हतो.

६ मार्च
दाब १६२/९८. आज मात्र कारण आहे.
कंपनीतून व्हिडिओवाला फोन आला. जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढायचं काम आता एका चष्मेवाल्या बाईकडे आहे. वय असेल तिशीचं. म्हणाली, "सर, 'कितवा मजला'ला चाळीस वर्षं होतायत. नव्याने काढतोय, मोठ्या पुस्तिकेसकट. मूळ टेप तुमच्याच हातच्या आहेत, तुम्हीच येऊन उतरवून द्याल का?"
वहीत लिहून ठेवतो, नाहीतर डॉक्टर विचारतील हा काय प्रकार. 'कितवा मजला' ही माझ्या थोरल्या भावाची रेकॉर्ड. शब्द दादाचे, चाली दादाच्या, गळाही दादाचाच. दहा गाणी मिळून एकच गोष्ट: एका लिफ्टमनचा एक दिवस. प्रत्येक मजल्यावर एक माणूस आत येतो, एक गाणं होतं. पेपरवाले अशा रेकॉर्डला काहीतरी जड नाव देतात. आम्ही स्टुडिओत नुसतं 'गोष्टीची रेकॉर्ड' म्हणायचो. पहिली बाजू पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत चढते. रेकॉर्ड उलटवली की दुसरी बाजू थेट गच्चीपासून सुरू होते आणि एकेक मजला खाली येते. येते ती सहाव्यापर्यंतच. सहाव्यावर एक बाई आतून ओरडते, "दार जरा धरून ठेवा, आले हं मी!" आणि संपलं. बाई येते की नाही, कळत नाही. लिफ्टमन दार धरून उभा तो उभाच. चाळीस वर्षं लोक तिथे रडतायत.
आता जे लिहितो ते या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुसरी बाजू उलटी लावायची कल्पना माझी. दादाने गाणी सरळ केली होती, सहा, सात, आठ, नऊ आणि शेवटी गच्ची. टेप कापून जोडणारा मी होतो. उलट्या क्रमाने मी जोडली. आणि गेली चाळीस वर्षं जो कोणी विचारेल त्याला दादा सांगतो, "क्रम माझाच." आयत्या बिळावर नागोबा.

७ मार्च
दाब १५८/९६.
मुलीला फोनवर सांगितलं की या वेळी पुस्तिकेत माझं नाव यायलाच हवं. 'दुसऱ्या बाजूचा क्रम' अशी वेगळी ओळ, आणि तिच्यापुढे माझं नाव. ती म्हणाली, "बाबा, तू हे माझ्या लग्नातसुद्धा व्याह्यांना सांगत होतास. घाल बाबा एकदा ते नाव, म्हणजे आम्ही सगळे सुटू."
सुटायचं काय त्यात? पण खरंच, एवढी एक ओळ छापून आली की मीही सुटेन असं वाटतं.

१० मार्च
दाब १४८/९२.
स्टुडिओत गेलो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. तळघरातली ती खोली, भिंतींना तीच आवाज शोषणारी भोकाभोकांची फळी. मशीन मात्र एकच उरलंय, बाकीचं सगळं चष्मेवालीच्या मांडीवरच्या संगणकात. टेपचे डबे उघडले. चाळीस वर्षांत टेप चिकट होते, तशी लावली तर मशीनलाच धरून बसते. आधी ती मंद आचेवर आठ तास गरम करावी लागते. त्यासाठी एक छोटा ओव्हन ठेवलाय. चष्मेवाली म्हणाली, "सर, इथे आल्यावर पहिल्या दिवशी मला वाटलं तुम्ही लोक बिस्किटं भाजता."
बाई बरी आहे. कान चांगला आहे, उगाच बोलत नाही. तिला माझ्या ओळीचं सांगितलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "सर, मला आवडेल. फक्त दादांची सही लागेल. त्यांनी आजवर सगळीकडे क्रम स्वतःचा सांगितलाय."
मी विचारलं, "पण सुचलं कसं, हे नाही विचारलंत?"
"कसं सुचलं?"
मी तिला कारण सांगितलं. रेकॉर्डच्या मध्याकडे चाकोऱ्या आखूड होत जातात, तिथे मोठा आवाज फाटतो. गच्चीचं गाणं नऊ मिनिटांचं, ढोल, कोरस, सगळा दणदणाट. ते शेवटी मध्यावर आलं असतं तर चोथा झाला असता. सहाव्या मजल्याचं गाणं अडीच मिनिटांचं, हळू. ते मध्यावर मावतं. म्हणून उलटवलं. टेपवरून रेकॉर्डच्या चाकोऱ्या कापणाऱ्या म्हाताऱ्यानेही मला तेव्हा हेच सांगितलं होतं, "बरं केलंस पोरा, नाहीतर मध्यावर फाटलं असतं." ते ऐकून मला केवढं बरं वाटलं होतं.
चष्मेवालीने लिहून घेतलं. मग विचारलं, "त्या कापणाऱ्यांनी सांगण्याआधी तुम्हाला हे माहीत होतं ना?"
म्हटलं, "अर्थात." घरी येईपर्यंत गुडघ्यांनी जीव घेतला.

१३ मार्च
दाब १५२/९४.
टेप ओव्हनमध्ये. आठ तास करायचं काय? चष्मेवालीने ऐकणाऱ्यांची पत्रं वाचायला दिली, पुस्तिकेत थोडी घ्यायची आहेत. एक बाई आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायच्या मशीनला लावलेली असते. तिने लिहिलंय, 'पाच वेळा पूर्ण ऐकला की माझी सुटका होते. मध्ये एखादं गाणं गाळून पाहिलं, वेळ जातच नाही.' एका ट्रकवाल्याने लिहिलंय की तो घाट चढताना पहिली बाजू लावतो आणि उतरताना दुसरी. एका शिक्षकाने सहा पानं लिहिलीत. त्यात असं की दुसऱ्या बाजूला गाण्यांचे सांधे मुद्दाम बेसूर ठेवलेत, कारण उतरताना माणूस तुटत जातो.
हे सांधे बेसूर आहेत हे मला तेव्हापासून माहीत आहे. पहिल्या बाजूला दादाने प्रत्येक गाण्याच्या शेवटी लिफ्टचा घूं असा सूर ऑर्गनवर धरलाय, आणि पुढचं गाणं त्याच सुरावर उघडतं. दर मजल्याला सूर एक पायरी वर. दुसऱ्या बाजूला हे जुळत नाही. मी मध्ये पांढऱ्या पट्टीचे चार चार सेकंद शांततेचे घालून भागवलं. त्याचा एवढा अर्थ निघेल हे मला काय ठाऊक.
आज विचार करत होतो. आता फोनवर गाणी शेंगदाण्यासारखी येतात, हाताला लागेल ते तोंडात. तरी ही माणसं त्रेचाळीस मिनिटं एका जागी बसून एकाच लिफ्टमनचं सगळं ऐकतात. का? मला वाटतं, सुट्या गाण्यात आपण एकटेच असतो. गोष्टीच्या रेकॉर्डमध्ये कुणीतरी आपल्या आधी बसून ठरवलंय की यानंतर हे ऐका. आपल्यासाठी कुणी इतका विचार केला, याचंच माणसाला बरं वाटत असेल. हा विचार लिहून झाल्यावर का कोण जाणे, मला घाम आला. डॉक्टरांना सांगायला हवं.

१५ मार्च
दाब १६०/९६.
दादाकडे गेलो. वर्षातून दोनदा जातो, या वर्षीची ही पहिली खेप. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. लिफ्टमनवर दहा गाणी लिहिणाऱ्याच्या नशिबी जिना! हे मी त्याला दर वेळी म्हणतो, तोही दर वेळी हसतो. या वेळी हसताना खोकला. त्याच्या फुप्फुसांचं खरं नाही. वहिनी गेल्यापासून एकटाच आहे. खोलीत ऑर्गन, त्यावर औषधांचे डबे.
नंतर दादाने गोष्टीची रेकॉर्ड कधीच केली नाही. शाळेत गाणं शिकवलं, जाहिरातींना चाली दिल्या. लोक विचारायचे, पुढची कधी? मी मनात म्हणायचो, पहिलीचीच कल्पना दुसऱ्याची, तर पुढची आणणार कुठून.
कागद पुढे केला. माझी सगळी तयारी होती, काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. त्याने चष्मा लावला, वाचलं, सही केली आणि कागद परत दिला. "घाल रे धाकट्या. माझं काय जातंय?"
म्हणजे चाळीस वर्षं जे दाबून धरलं ते असं एका सहीत! मला आनंद व्हायला हवा होता. उलट रागच आला. म्हटलं, "मग इतकी वर्षं 'माझाच, माझाच' कशाला म्हणत होतास?"
"सवय," तो म्हणाला. मग चष्मा काढत, "गच्ची शेवटी ऐकायची राहून गेली, एवढंच वाटतं कधी कधी."
अजून जळतोय. माझा क्रम लोकांना आवडला, हे अजून सलतंय त्याला. निघताना म्हटलं, "औषधं वेळेवर घे."

१६ मार्च
सहीचा कागद चष्मेवालीकडे पोचवला. आज खरं तर पेढे... असो, ही म्हणते गोड बंद. दाब मोजायला विसरलो.

२० मार्च
दाब १६८/१००.
चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा!
टेपच्या डब्यात तळाशी कामाचा कागद सापडला. प्रत्येक डब्यात असायचा: काय काम, कुणी केलं, कधी संपलं. माझ्या अक्षरात: 'दुसरी बाजू जोडली. ९ जून, दुपारी दोन दहा.' त्याखाली दादाच्या अक्षरात, वेगळ्या शाईत: 'दुसरी बाजू उलट्या क्रमाने, माझ्या सांगण्यावरून.' आणि सही. तारीख ११ जून. दोन दिवसांनंतरची! मी जोडून मोकळा झाल्यावर मागाहून येऊन कागदोपत्री स्वतःचं करून ठेवलं.
चष्मेवालीला दाखवलं. तिने कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "सर, असं त्यांनी कुणाला दाखवायला लिहिलं असेल?"
"साहेबाला. साहेब तेव्हा फार कडक होता. एका टेपवर चहा सांडला म्हणून त्याने माझ्या आधीच्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं."
तिने कागदाचा फोटो काढून ठेवला. एकंदरीत या बाईला माझी बाजू पटलेली दिसत नाही.

२१ मार्च
दाब १५६/९६.
जेवताना हिला त्या कागदाबद्दल तावातावाने सांगत होतो. ही म्हणाली, "नऊ जून? अहो, नऊ जूनला तर आपली मुलगी झाली."
म्हटलं, "हो, योगायोग."
"योगायोग कसला? सकाळी दहाला माझं पोट दुखायला लागलं. मी शेजारणीकडून स्टुडिओत फोन करवला. तीन वाजता तुम्ही हॉस्पिटलात होतात, हाताला टेपचा डिंक. नर्सने हात धुऊन या म्हणून हाकललं होतं."
म्हटलं, "मग?"
"मग काही नाही. तुम्ही नेहमी सांगता ना, संध्याकाळपर्यंत बसून, दहादा ऐकून क्रम ठरवला म्हणून. ते कधी केलंत?"
बायकांना कुठल्या गोष्टीला कुठली गोष्ट जोडायची हे कळत नाही. ठरवायला संध्याकाळ कशाला लागते? सुचायचं ते क्षणात सुचतं. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. तेही तिनेच डॉक्टरांच्या सांगण्यावरून कमी केलंय, हे मागून आठवलं.

२४ मार्च
दाब १५०/९२.
पहिली बाजू उतरवली. काय चढते! पाच मजले, पाच सूर, लोण्यावरून सुरी फिरावी तसे सांधे. तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. पहिली बाजू जोडायला चार दिवस लागले होते, दादा शेजारी बसून होता. एक एक जोड पाच पाच वेळा ऐकला. दुसऱ्या बाजूला तो नव्हता. त्याचा आवाज बसला होता, ताप होता, गाणी देऊन घरी गेला होता. म्हणाला होता, "तुला आता येतं. तू कर."

२७ मार्च
दाब १५४/९४.
आज वाईट झालं. दुसरी बाजू मशीनवर चढवली आणि पहिलाच जोड सुटला. मग दुसरा. जोडाची चिकटपट्टी चाळीस वर्षांत वाळून पापड झाली आहे. पाचही गाणी सुटी होऊन हातात आली. टेपला इजा नाही, फक्त पुन्हा जोडायची. चष्मेवाली म्हणाली, संगणकात सुटी घेऊन तिथे लावू, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, बाई, माझ्या हाताने जोडलेलं माझ्याच हाताने जोडू द्या. हट्टच केला.
प्रत्येक गाणं सोडवून वेगळ्या छोट्या रिळावर गुंडाळलं आणि टेबलावर एकावर एक ठेवत गेलो. पाच रिळं झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. जोडायचं उद्यावर टाकलं.

२८ मार्च
दाब मोजला नाही.
नीट लिहितो. जसं झालं तसं.
सकाळी गेलो. ब्लेड घेतलं, पट्टी घेतली, चष्मा पुसला. रिळांची चळत टेबलावर होतीच. वरचं रीळ उचललं, लावलं. मग त्याखालचं, मग त्याखालचं. जुनी सवय, वर पाहायचीही गरज नव्हती. टोकाला टोक, तिरका काप, पट्टी, अंगठ्याने घासायचं. दोन तासांत पाचही जोडली. पांढरी पट्टी मागाहून घालू म्हटलं. मशीन सुरू केलं आणि मागे टेकून बसलो.
सहाव्या मजल्याची बाई ओरडली, "दार जरा धरून ठेवा, आले हं मी!" पहिल्याच गाण्यात. मी दचकलो. चष्मेवाली बोलली, "सर, हे तर..." मी हात वर केला. कारण गाणं संपलं आणि ऑर्गनचा घूं आला, आणि सातवा मजला त्याच सुरावर उघडला. जोड कुठे आहे ते मला कळलं नाही. मीच केलेला जोड. मग आठवा, एक पायरी वर. नववा, आणखी वर. आणि मग गच्ची. ढोल, कोरस, सगळं. नऊ मिनिटं. लिफ्टमन पहिल्यांदा लिफ्टच्या बाहेर येतो, आणि उघड्यावर त्याला आपला आवाज केवढा आहे ते कळतं. हे मी चाळीस वर्षं एका बाजूच्या तोंडाला ऐकत आलो. तिथे तो नुसता गोंगाट वाटतो. इथे पोचल्यावर ऐकला तर...
मी काल गच्ची पहिली सोडवली. ती तळाला गेली. सहावं शेवटी सोडवलं, ते वर आलं. आज माझा हात वरच्या रिळाकडे गेला.
तेव्हा दादाने सहावं आधी पुरं केलं होतं. ते तळाला. मग सातवं, आठवं, नववं, आणि सगळ्यात वर गच्ची. नऊ जूनला बाहेर शिपाई म्हणत होता, आता हॉस्पिटलातून दुसरा फोन आलाय. माझा हात वरच्या रिळाकडे गेला.
मी काहीही ठरवलं नव्हतं. पांढऱ्या पट्ट्याही इतर रेकॉर्डच्या सवयीने घाईत घातल्या, जोड ऐकलेच नव्हते. रेकॉर्ड कापणारा म्हातारा "बरं केलंस" म्हणाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी केलंय.
चष्मेवालीने मशीन थांबवलं. पाणी आणून दिलं. तिला हे त्या कागदावरूनच कळलं असावं. बोलली एवढंच, "सर, चाळीस वर्षं तुम्हाला कुणीच काही म्हटलं नाही?"
नाही. कुणीच नाही. तो अकरा जूनला तापात उठून आला असणार. तोवर रेकॉर्ड कापली गेली होती. साहेबासमोर 'माझ्या सांगण्यावरून' म्हणत उभा राहिला असणार. आणि मी हॉस्पिटलात पाळण्यात वाकून नाक कुणासारखं आहे ते पाहत होतो.

२ एप्रिल
दाब १७०/१०२. डॉक्टरांनी गोळी वाढवली. विचारलं, काही विशेष? म्हटलं, नाही.

५ एप्रिल
सरळ क्रमाची टेप छोट्या यंत्रात उतरवून दादाकडे नेली. जिन्यावर तीनदा बसलो. प्रत्येक थांब्याला एक वाक्य तयार केलं. दार उघडलं आणि तोंडून निघालं, "औषधं घेतलीस?"
यंत्र ऑर्गनवर ठेवलं आणि सुरू केलं. सहावं वाजलं, सातवं उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग तो डोळे मिटून बसला. गच्ची आली तेव्हा त्याचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. संपलं. खाली कुणीतरी मोटार मागे घेत होतं.
"हं," दादा म्हणाला. "अशी होती तर."
मी म्हटलं, "दादा, या वेळी अशीच काढू. तुझी होती तशी. चष्मेवाली तयार आहे."
"नको."
"नको काय? तुझी गोष्ट आहे."
"ऐक. खरं सांगू? पहिल्यांदा उलटी ऐकली तेव्हा तुझं मुंडकं उडवावंसं वाटलं होतं." तो खोकला, पाणी प्यायला. "दोन महिने गच्ची रचत होतो मी. लोकांना तिथे रडवायचं, असा बेत. आणि लोक रडले कुठे, तर ती बाई आतून ओरडते तिथे. ते गाणं मी जेवायच्या आधी अर्ध्या तासात केलं होतं, नुसती बाजू भरायला. मग पुढची गोष्ट करायला बसलो की वाटायचं, मला शेवट कळतच नाही. जो कळतो तो चुकीचा. कुठे थांबायचं हे ज्याला कळत नाही त्याने गोष्टी कशाला सांगायच्या?"
मला वाटायचं तो आळशी आहे. मी हे चारचौघांत बोललोय.
"लोक चाळीस वर्षं ते दार धरून उभे आहेत रे," दादा म्हणाला. "आता म्हातारपणी त्यांना सांगू, सोडा, चूक झाली होती? माझी गच्ची मी ऐकली. बास. आता ते सहावं एकदा लाव."
लावलं. बाई ओरडली, गाणं संपलं, आणि मी यंत्र बंद केलं. नंतरची शांतता ऐकत दोघं बसलो.
मग मी तोंड उघडलं. "दादा, त्या दिवशी..."
"जिना सावकाश उतर," तो म्हणाला. "गुडघे बघ तुझे."
सांगायचं राहिलं.

७ एप्रिल
दाब १५८/९४.
चष्मेवालीला सांगितलं. क्रम लोकांचा आहे तोच ठेवा. सांधे बेसूरच राहू द्या. आणि माझी ओळ काढा. ती म्हणाली, "पूर्ण काढू?" पूर्ण. कागदावर सही आहे त्याची, तरी काढा.
हिला म्हटलं, माझं नाव येणार नाही. तिने विचारलं नाही का. नुसती म्हणाली, "बरं झालं. आज भाजीत मीठ घालते थोडं."

१९ एप्रिल
दादा हॉस्पिटलात. श्वास. दोन दिवस मी खुर्चीवर. तोंडाला मास्क असल्याने तो बोलू शकत नाही आणि मला आयतं कारण मिळालं. त्याने खूण करून माझा फोन मागितला, चष्मेवालीचा नंबर काढायला लावला. काहीतरी लिहून पाठवलं आणि फोन परत देण्याआधी ते पुसून टाकलं. लहानपणीही असाच होता, वहीवर हात धरून लिहायचा.

२५ एप्रिल
दादा घरी आला. मी आणि जावयाने खुर्चीत बसवून तीन मजले उचलून नेला. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "कितवा मजला?" जावयाला कळलं नाही. मला हसून हसून पायरीवर टेकावं लागलं.

१४ मे
दाब १४६/९०. चार वेळा गेलो दादाकडे. चारही वेळा सांगायला गेलो. औषधं, जिना, पंखा, शेजारी, सगळ्यावर बोललो. आता त्याला बोललं की धाप लागते, म्हणून बहुतेक मीच बोलतो, आणि नेमकं ते सोडून.

११ जून
दाब मोजायचा आहे अजून.
मुलीचा चाळिसावा वाढदिवस परवाच झाला, पण तिला सुटी आज मिळाली. ती आली तेव्हा दारातच कुरिअरवाला होता. पाकीट तिनेच घेतलं. 'कितवा मजला'ची पहिली प्रत, चष्मेवालीने पाठवलेली. मुलगी खुर्चीवर पाय वर घेऊन पुस्तिका चाळायला लागली. फोटो, ती पत्रं, ट्रकवाला, मशीनवाली बाई. मी स्वयंपाकघरात हिला डबा काढून देत होतो.
"बाबा," तिने हाक मारली. "तू नाव काढायला लावलंस म्हणाला होतास ना?"
"हो."
"मग हे काय आहे?"
मी गेलो. शेवटच्या पानावर, सगळ्या नावांखाली, वेगळी ओळ होती. चष्मा लावून वाचली.
'दुसऱ्या बाजूचा क्रम: धाकटा भाऊ. त्या दिवशी त्याला मुलगी झाली.'
मी ती तीनदा वाचली. ही मागून येऊन खांद्यावरून वाचत होती. तिने माझ्या हातातला डबा काढून घेतला.
"काकांनी लिहिलंय ना हे?" मुलगी म्हणाली. "छान आहे, पण मला नाही कळलं. माझ्या जन्माचा आणि गाण्यांच्या क्रमाचा काय संबंध?"
लग्नात, व्याह्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना चाळीस वर्षं जी गोष्ट सांगितली ती जिभेवर आली होती. सवय.
"पायांत चप्पल घाल," मी तिला म्हटलं. "काकाकडे जायचंय. त्याच्यासमोर सांगतो."